रुपरावच्या धुऱ्यावरून

नदीकाठच्या चिखलात बुटांचे ठसे दिसले आणि प्रेमिलाच्या मनात पाल चुकचुकली. एकदोन नाही, चांगले पाच-सहा जणांचे ठसे. खाली नक्षी असलेले, टाचा खोल रुतलेल्या. गावात असे बूट कोणाजवळ नव्हते. गुराख्याच्या पायात प्लॅस्टिकची चप्पल, मासे धरणाऱ्या ढिवरांचे पाय उघडे, आणि रेतीवाले म्हणाल तर ते ट्रॅक्टरशिवाय एक पाऊल टाकत नाहीत. मग कन्हानच्या काठाकाठानं हे बूट घालून कोण फिरून गेलं? आणि काहून?

डोक्यावर धानाचा भारा होता, त्यामुळे वाकून पाहता येईना. तिनं भाऱ्यासकट गुडघे वाकवले, एका ठशात आपलं पाऊल ठेवून पाहिलं. बाईमाणसाचा पाय होता तो.

"बाई आणली संगं," ती पुटपुटली. "म्हणजे काम सरकारीच दिसते."

खरं तर नदी ही प्रेमिलाची वाटच नव्हती. गावापासून तिच्या वावरात जायला रुपरावच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, दहा मिनिटं लागत. वावर होतं अडीच एकर, सासऱ्याला सिलिंगमध्ये मिळालेलं, नदीच्या अगदी कुशीत. गाव आणि वावर यांच्यामध्ये रुपरावच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, आणि बांध्यांमधून जाणारा धुरा. त्या धुऱ्यावरून सासरा गेला, सासू गेली, नवरी होऊन आलेली प्रेमिला तिसऱ्याच दिवशी डोक्यावर शेणखताचं टोपलं घेऊन गेली. कोणी कोणाला विचारलं नाही. पण यंदा उन्हाळ्यात रुपरावनं ट्रॅक्टर लावला, मधला धुरा मोडला, चार बांध्यांची एक बांधी केली आणि सगळ्याला तारेची जाळी ठोकली. म्हणे, रानडुकरापायी.

"डुकरं नदीकडून येतात, अन् यानं जाळी गावाकडून लावली," प्रेमिला त्या दिवशी चारचौघांत बोलली होती. चारचौघं तंबाखूचा खर्रा घोटत राहिले. रुपरावच्या ट्रॅक्टरशिवाय गावात कोणाच्या रोवणीचा चिखल होत नाही, तर बोलेल कोण?

तेव्हापासून जाणं-येणं नदीनं. मसणवट्याकडून खाली उतरायचं, बेशरमाच्या झाडोऱ्यातून अंग चोरत जायचं, मग दोन नाले मिळतात ती दलदल. तिथं पाय टाकला की घोट्यावर चिखल चढतो आणि काढताना चप्पल आतच राहते. पुढं उभी दरड. रिकाम्या हातानं पाऊण तास, भारा घेऊन सव्वा. पोळ्याच्या आधी तिचा नवरा रविंद्र त्याच दरडीवरून घसरला आणि गुडघा धरून बसला. आता तो कापायचा आणि ती वाहायची. दिवसाला चार भारे. तिच्या मानेची शीर संध्याकाळी अशी ताठायची की भाकर थापताना तिला खाली पाहता येत नसे.

तहसीलमध्ये अर्ज केला होता. तिथल्या बाबूला तिनं तोंडानं सगळं सांगितलं, धुरा, सासरा, खताचं टोपलं. बाबूनं मान वर केली नाही. "बोलण्याले कोण पुसते बाई? कागद आणा." कागद कुठून आणायचा? पायानं चाललेल्या वाटेचा कागद कोणी केलेला असतो का? शेवटी साहेब मोक्यावर येऊन पाहतील असं ठरलं. मंगळवारी.

आणि दोन दिवस आधी, रविवारी, हे बूट.

भारा घरी टाकून ती वावरात परत आली तेव्हा बूटवाले धुऱ्यावर बसून डबे खात होते. तिच्याच धुऱ्यावर. पाच जण. डोक्यावर टोप्या, हातात काठ्या, आणि सगळ्यांत पुढं पासष्टीची एक गोरी बाई, गळ्यात चष्मा, मांडीवर वही. रविंद्र बाजूला पाय पसरून बसून त्यांच्याशी हसून-हसून बोलत होता. प्रेमिलानं डोक्यावरची चुंबळ खाली आपटली.

"कोण हाय हे?"

"नागपूरचे हायेत. चालत आले, कन्हान टेशनापासून," रविंद्र म्हणाला.

"चालत? काहून? गाड्या नाई मिळाल्या?"

वहीवाली बाई उठून हात जोडत पुढं आली. "नमस्कार ताई. मी चारुलता. नोकरीतून निवृत्त झाले, आता दर रविवारी आम्ही असं चालतो. शेतातल्या, नदीकाठच्या जुन्या पायवाटा शोधतो आणि त्यांचा नकाशा करतो. म्हणजे दुसऱ्यांनाही चालता येईल."

"अन् त्याचे कोण देते तुम्हाले?"

"कोणी नाही. हौस."

हौस! प्रेमिलानं तिला वरून खाली न्याहाळलं. बिनकामी पायाला त्रास देणारा माणूस तिनं जन्मात पाहिला नव्हता. वाघाच्या भीतीनं गुराखी पाच वाजता घरी पळतात, आणि ही बाई पेन्शन खात घरी बसायचं सोडून हौसेनं दलदल तुडवते? तिची नजर पाण्याच्या कॅनवर गेली. निळी कॅन, वर पांढरी चिकटपट्टी. ही तर रुपरावच्या घरची कॅन!

"पाणी कुठून घेतलं?"

"ते तिकडे विहिरीवर एक तरुण भेटला, विक्की म्हणून. फार चांगला मुलगा. चहासुद्धा पाजला."

विक्की म्हणजे रुपरावचा पुतण्या. झालं! प्रेमिलाला सगळा डाव दिसला. मंगळवारी मोका, रविवारी नकाशावाले, आणि रुपरावचा चहा. गावात म्हणतात तसं, बामनाच्या वहीत अन् पाटलाच्या चहात फुकट काही नसते.

चारुलतानं जाळीकडं बोट केलं. "ताई, तिथं जाळीपलीकडे धुऱ्याचा तुकडा दिसतो. इकडूनही एक तुकडा निघतो. मध्ये भात आहे. पूर्वी इथून गावात वाट होती ना? तसं असेल तर ती नदीला मिळते. फार सुंदर मार्ग होईल."

मार्ग! वाट गावातून निघणार, रुपरावच्या धुऱ्यानं येणार आणि नदीला मिळणार. म्हणजे जाणार कुठून? तिच्या अडीच एकरातून! आज टोप्यावाले चालतील, उद्या दगड गाडतील, परवा रोलर येईल. सासऱ्यानं एकदा कोणत्याशा कागदावर अंगठा दिला होता, कालव्याच्या कामाचा म्हणून, आणि तीन एकराचे अडीच झाले. तेव्हापासून त्या घरात कोणी कागदाला हात लावत नसे. राशनच्या पावतीवरही प्रेमिला दोनदा वाचून सही करी.

"इथं वाट नाई," ती म्हणाली.

"पण पूर्वी..."

"पूर्वीबी नव्हती. कधीच नव्हती."

रविंद्रनं मान वर केली. "पायलची माय..."

"तुम्ही चूप बसा. तुम्हाले काय मालूम? वाहून तर मी राहिली."

चारुलताचा चेहरा उतरला. तिनं वही पुढं केली. "मग तसं लिहून घेते. इथं नाव लिहाल का? स्थानिक माहिती देणाऱ्यांची..."

"सही नाई करत मी."

"फोटो?"

"फोटो तर बिलकुल नाई."

"बरं, निदान दोन शब्द बोलता का? आवाज घेते नुसता. गावच्या माणसाच्या तोंडून वाट ऐकली की चालणाऱ्यांना बरं वाटतं."

प्रेमिला थांबली. आवाज? आवाजात काय आहे? बोलण्याला कोण पुसते, हे तर खुद्द सरकारी बाबूनं तिला सांगितलं होतं. कागद नाही, सही नाही, अंगठा नाही. बोललेलं वाऱ्यावर. आणि एकदा पक्कं सांगून टाकलं की बला टळेल. तिनं पदर खोचला, फोनच्या तोंडाशी तोंड नेलं, आणि मोठ्यानं, मुलीच्या लग्नात उखाणा घ्यावा तसं ठासून बोलली:

"इथं गावात जाणारी वाट नाई. धुऱ्यानं कोणी जात नाई. आम्ही चाळीस वर्षांपासून नदीनंच येतो, नदीनंच जातो. नदीची वाट मोठी झकास हाय. तुम्हीबी नदीनंच जा!"

टोप्यावाले हसले. चारुलतानं तिचे आभार मानले आणि सगळे उठून नदीकडं गेले. प्रेमिलानं इळा उचलला. तिला वाटलं, आज आपण पाच शिकलेल्या माणसांना एकटीनं परतवलं.

संध्याकाळी रविंद्र ओट्यावर गुडघ्याला तेल लावत बसला होता.

"त्या बाईले मी खरं सांगतलं होतं," तो म्हणाला. "तू येण्याच्या आधी. बापाच्या वक्तापासून वाट हाय म्हणून. तिनं लिहूनबी घेतलं होतं."

"काहून सांगतलं? रुपरावचा चहा पेऊन आलेले लोक ते!"

"चहा पेला म्हणून काय झालं? आपण नाई का पेलो त्याच्या घरी?"

"कधी पेले तुम्ही?" प्रेमिला एकदम वळली. "कधी? मले तर नाई सांगतलं."

"अवं, मागच्या साली..."

"परवा पानठेल्यावर त्याच्या हातचा खर्रा खाऊन राहिले होते, तेबी मले शेजारच्या सिंधूताईनं सांगतलं. काय बोलणं चालू हाय तुमचं त्याच्यासंगं? वावर देऊन टाकता का?"

रविंद्रनं तेलाची बाटली खाली ठेवली. "प्रेमिला, तुह्या डोक्यात जितके चोर हायेत ना, तितके साऱ्या पारशिवनी तालुक्यात नसतीन. अवं, परवा आपण साहेबाले काय सांगणार? वाट होती म्हणून. अन् आज तू काय सांगतलं?"

तव्यावर भाकर होती. ती करपायला आली तेव्हा प्रेमिलानं खाली ओढली. मग म्हणाली, "बोलण्याले कोण पुसते?" पण फोन करून ते बोललेलं पुसायला सांगावं असं मनात आलं. त्या बाईचा नंबर नव्हता. नाव तेवढं होतं, आणि नागपुरात चारुलता काय एकच असेल?

मंगळवारी अकरा वाजता साहेब आले. मंडळ अधिकारी, बारीक अंगाचे, बोलणं भंडाऱ्याकडचं. सोबत तलाठी मेघा मॅडम, हातात फाइल आणि टेप. रुपराव पांढऱ्या कपड्यात, विक्की मोटारसायकलवर, आणि तमाशा पाहायला अर्धं गाव. विक्कीनं जाळीचं फाटक उघडलं. सकाळी वावरात गेलेले प्रेमिला आणि रविंद्र नदीनंच परत आले होते. ती घोट्यापर्यंत चिखलानं भरली होती, तो काठीवर. दोघं फाटकातून आत येताना विक्की म्हणाला, "पाय पुसून या काकू, बांधी घाण होईन." दोघंचौघं हसले.

गावाकडून धुऱ्याचा तुकडा सत्तर-ऐंशी पावलं आला आणि संपला. पुढं रुपरावची एकसलग बांधी, पिवळंधमक धान कंबरेला लागणारं, कापणीला आलेलं. सपाट मुलूख, उभ्या पिकावरून नजर पार नदीपर्यंत घसरत जावी.

"साहेब, धुराच नाही तर वाट कुठची?" रुपराव हात जोडून म्हणाला. "माह्या बापजन्मात इथून कोणी गेलं नाही."

"होता धुरा!" प्रेमिला पुढं आली. "तिकडचा तुकडा पाहा, आमच्या वावराकडचा. मधला मोडला यानं उन्हाळ्यात. साऱ्या गावाले मालूम हाय. विचारा!"

साहेबांनी गावाकडं पाहिलं. गाव आपल्या पायांकडं पाहू लागलं.

"ठीक आहे," रुपराव म्हणाला. "गाव राहू द्या. अर्जदाराचंच ऐका. विक्की, लाव गा."

विक्कीनं फोन वर धरला. नागपूरकरांनी तिचं बोलणं त्यांच्या चालण्याच्या ग्रुपवर टाकलं होतं, वर नदीचा फोटो; रविवारच्या चहानंतर विक्कीही त्या ग्रुपवर होता. आणि मग भर बांधीत, साऱ्या गावासमोर, प्रेमिलाचा आवाज घणघणला. इथं गावात जाणारी वाट नाई. धुऱ्यानं कोणी जात नाई. आम्ही चाळीस वर्षांपासून नदीनंच येतो, नदीनंच जातो.

बोललेलं उडून गेलं नव्हतं. सहीपेक्षा पक्कं, अंगठ्यापेक्षा काळं होऊन ते तिच्यासमोर उभं होतं.

"हा आवाज तुमचा?" साहेबांनी विचारलं.

नाही म्हणावं असं एकदा ओठावर आलं. पण तिचा आवाज ओळखत नाही असं गावात कुत्रंही नव्हतं. "माह्याच हाय. खोटं बोलली मी, साहेब. मले वाटलं हे लोक रस्ता काढतीन, माह्यं वावर जाईन..."

"तेव्हा खोटं बोलल्या, की आता बोलून राहिल्या?"

तिनं पदराचं टोक दातात धरलं. साहेब तलाठ्याकडं वळले. "लिहा मॅडम. अर्जदाराचा नदीकडून पर्यायी मार्ग..."

"थांबा!" ती ओरडली. "तोंड खोटं बोललं असंन. मी चालून दाखवतो. इथून निघतो अन् बरोब्बर आमच्या तुकड्यावर पाय ठेवतो."

रुपराव हसला. "चालाले काय, कोणीबी चालन. समोर दिसून तर राहिलं. मीबी चालतो."

"मंग डोये बांधा माह्ये."

गाव चुळबुळलं. रुपराव म्हणू लागला की उभं धान आहे, तुडवलं तर भरून कोण देईल. साहेबांनी क्षणभर बांधीकडं पाहिलं, मग म्हणाले, "एक बाई चालल्यानं काय जाते? जाऊ द्या."

रविंद्रनं गळ्यातला निळा दुपट्टा काढला, लंगडत मागं आला, तिच्या डोळ्यांवर बांधला.

"घट्ट बांधा," ती म्हणाली. "नाई तर म्हणतीन नवऱ्यानं फट ठेवली."

"घट्टच बांधला. जा वं तू." त्याचा हात तिच्या खांद्यावर क्षणभर राहिला. परवापासून ती या माणसाशी धड बोलली नव्हती.

अंधारात तिनं पहिलं पाऊल टाकलं. धुऱ्याची कड संपली, पाय खाली बांधीत गेला, धानाची पाती पोटऱ्यांना खरखरली. तिनं डोक्यावर हात नेला आणि नसलेलं टोपलं धरलं. तसं केल्यावर मान सरळ झाली, कंबर आपोआप डुलू लागली. पाय आपल्या मनानं पडू लागले. सासू पुढं चालल्यासारखी वाटली. सासू भराभर चालायची, मागं वळून पाहायची नाही.

मागं कोणी बोलत नव्हतं. का बोलत नव्हतं? हसून राहिले असतील तोंडात दुपट्टे कोंबून. की निघून गेले? धान गुडघ्यालाच लागत होतं. रुपरावचं धान तर कंबरभर आहे, मग हे काय? भरकटली वाटते मी. कडेला गेली असंन, पाण्याच्या पाटात पडन आता, अन् विक्की फोनवर काढून घेईन. थांबावं का? पण पाय थांबेनात. इथं मोहाचं झाड होतं, धुरा त्याला वळसा घालून डावीकडं जायचा. झाडही गेलं, धुराही गेला. डोकं म्हणालं सरळ जा, तुकडा सरळ आहे. पाय डावीकडं वळले. ती पायांच्या मागं गेली.

"बाई, थांबा! तिथंच थांबा!" साहेबांचा आवाज. "हलू नका. पट्टी काढा."

चुकलं. सगळं चुकलं. तिनं दुपट्टा खाली ओढला. उजेडानं डोळे दिपले. समोर वीस पावलांवर तिच्या वावराचा धुरा होता. ती मागं वळली.

ती जिथून आली तिथपासून थेट तिच्यापर्यंत धानात एक पट्टा खाली बसलेला होता. दोन हात रुंद. दोन्ही बाजूला धान कंबरेएवढं, आणि मधल्या पट्ट्यात जेमतेम गुडघ्याएवढं, खुजं, लोंब्या अर्ध्या पोचट. आतापर्यंत सगळे फाटकाच्या बाजूनं आडवं पाहत होते, तसा तो दिसत नव्हता; पण धुऱ्याच्या टोकावरून, ती गेली त्या रेषेत पाहिलं तर आंधळ्यालाही दिसावा. पट्टा सरळ येत होता, आणि मोहाच्या जागी डावीकडं वळत होता. तिच्यासारखाच.

साहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पट्ट्यात उतरले होते. धानाचं एक खुजं ताट उपटून त्यांनी मुळं पाहिली. "आमच्याकडे म्हणतात, मोडलेला धुरा पहिल्या साली धान देत नाही. खाली माती दाबलेली राहते. किती वर्षांची दाबली म्हणायची रुपरावजी, ही?"

गावातलं कोणीतरी, बहुतेक सिंधूताई, हळूच म्हणालं, "तिच्या सासूलेबी मी इथूनच जाताना पाहिलं हाय." मग दुसरं कोणी बोललं, मग तिसरं. आता सगळ्यांना आठवत होतं. प्रेमिलाला त्यांचा राग आला, आणि तो राग तिनं मनात जपून ठेवला.

"मॅडम, टेप आणा," साहेब म्हणाले. "वळणासकट मोजा. बाई जिथं उभी आहे तिथपर्यंत, अन् तिथून पुढं."

"अन् माह्यं धान?" रुपराव एकदम ओरडला. "निघ वं बाहेर! धान तुडवून राहिली माह्यं! निघ म्हणतो ना!"

प्रेमिलानं त्याच्याकडं पाहिलं. टेपचं टोक नुकतंच धुऱ्याच्या कडेला लागलं होतं, मेघा मॅडम पट्ट्यातून सावकाश पुढं येत होत्या, आणि यायला अजून बराच वेळ होता. तिनं दोन्ही पाय जमिनीत नीट रोवले आणि टेप येईपर्यंत ती जागची हलली नाही.